एकाचा हात, सगळ्यांचा हात

पेलिकन बेट, साउथ कॅरोलायना
३ मार्च १९७८

चि. टायटस यास,
व्हायोलामावशीचे अ. उ. आ., आणि हे पत्र तुझ्या आधी फोडून वाचणारे हवालदार ग्रेडी यांना सा. न. वि. वि. हवालदारसाहेब, मागच्या पत्रावर कॉफी सांडली होती. कप जरा लांब ठेवत चला.

मी बरी आहे. तुम्ही दोघं तुरुंगात गेलात तरी माझा हात अजून तिघांचाच तांबडा भात शिजवतो, त्यामुळे कोंबड्या माजल्यात. एझरा माझ्या पोटचा आणि तू बहिणीचा, पण मार दोघांनी सारखाच खाल्लात. आता त्यांनी तुम्हाला वेगवेगळ्या बराकीत ठेवलंय, एकमेकांचं तोंड दिसू देत नाहीत. रविवारी आधी एझराला भेटते, मग तुला. तो विचारत होता की टायटस अजून घोरतो का, आणि बराकीतल्यांनी त्याला अजून मारलं कसं नाही.

तुझ्या डेल्फीनला आठवा महिना लागलाय. पाय सुजलेत, जीभ मात्र आहे तशीच आहे. दिवसभर उकडलेल्या शेंगा खाते आणि तुला शिव्या घालते. लग्नाआधी तुरुंगात जायचं काय नडलं होतं, असं म्हणते.

वकील म्हणाले आहेत की पत्रात खटल्याबद्दल चकार शब्द नको, म्हणून मी काढत नाही. ओबेडाया म्हातारा जेटीवर पडून गेला आणि त्याच्या खुनाचा आळ तुम्हा दोघांवर आला, एवढं तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हातारा भांडकुदळ होता, पण आपला होता. त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करते.

अंगात गरम घाल. माया आहे तशीच आहे, तिला कुलूप लागत नाही.
तुझी
व्हायोलामावशी

---

जिल्हा तुरुंग
९ मार्च १९७८

ती. मावशीस,
टायटसचा शि. सा. न. वि. वि.

मी घोरत नाही, एझराच घोरतो. कोठडीत इथे पाव कच्चा, वाटाणे दगड. तुझ्या भातावर माजलेल्या कोंबड्यांचा हेवा वाटतो.

मावशी, वकील नको म्हणाले तरी लिहितोच. हवालदार वाचतील तर वाचोत, त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. काल मि. ऑग्डेन, माझे वकील, येऊन गेले. या राज्यात कायदा असा आहे म्हणे की एकाचा हात तो सगळ्यांचा हात. दोघं मिळून काही करायला गेले आणि त्यात माणूस मेला, तर ज्याने हातही लावला नाही तोही तेवढाच खुनी. दोघांनाही जन्मठेप होऊ शकते.

म्हणून सरकारी वकिलांनी सौदा पुढे केलाय. मी लहान गुन्हा कबूल करायचा, आणि कोर्टात हात वर करून सांगायचं की एझराने म्हाताऱ्याला ढकललं. मग मला तीन वर्षं, त्यातलंही थोडं माफ. शिक्षा आत्ता सांगत नाहीत, साक्ष मनासारखी झाली की मग. हाच सौदा एझराच्या वकिलाकडेही गेलाय, फक्त त्यात ढकलणारा मी आहे. आधी बोलेल त्याचा सौदा, दुसऱ्याच्या वाट्याला जन्मठेप. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे. वर ते असंही म्हणाले की एझरा सही करायला निघालाच आहे.

मावशी, कुणीच ढकललं नाही. एझराचं मासे धरायचं पाग कंपनीने तिच्या जेटीवर अडकवून ठेवलं होतं, ते आणायला आम्ही फाटक ओलांडून जेटीवर गेलो. म्हातारा राखणीला होता, बोटी ओढायची आकडी फिरवत अंगावर आला, ओल्या फळ्यांवर घसरला. एझराने त्याला धरायला हात घातला, मी एझराला धरलं, आणि लांबच्या बोटीवरून तिच्या कप्तानाने तिघांची झोंबाझोंबी पाहिली. पण डेल्फीनचं पोट डोळ्यांसमोरून हलत नाही. तीन वर्षांचं मूल बापाला ओळखायला शिकतं. जन्मठेप झाली तर फक्त काचेपलीकडून ओळखेल.

काय करू?
तुझाच
टायटस

---

पेलिकन बेट
१३ मार्च १९७८

चि. टायटस यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि बोय मासे तळायचे राहिले, जळाले. मांजरानेसुद्धा तोंड लावलं नाही.

एझरा सही करायला निघालाय, असं म्हणतात का? तो लग्नाच्या वऱ्हाडालासुद्धा वेळेवर निघत नाही! पण मला काही माहीत नाही. रविवारी मी त्याला विचारलं नाही, भीती वाटली.

सही कर म्हणाले तर पोटच्या पोराला जन्मठेप देते. करू नको म्हणाले तर तुझं मूल बापावाचून वाढवते. मी आई आहे, या बाबतीत माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तुझ्या आईच्या खाटेशी बसून मी तिला म्हटलं होतं की हा माझा. अजूनही तेच म्हणते. काहीही केलंस तरी तुझं ताट या घरात आहे, एवढं लिहून देते. हे लिहिताना रडले, पण हवालदारांना वाटायला नको की कॉफी सांडली.

एक मात्र नीट विचारते, आणि नीट सांग. कप्तानाने लांबून पाहिलं, बरं. पण त्याने ढकलताना तर पाहिलं नाही ना? मग एवढा खुनाचा डोलारा उभा कशावर केलाय या लोकांनी?

वाट पाहणारी
मावशी

---

जिल्हा तुरुंग
१५ मार्च १९७८

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

ठरलं. शुक्रवारी मि. ऑग्डेन येतील तेव्हा नाही म्हणणार. हात वर करून एझराबद्दल खोटं बोललो, तर त्याच हाताने मुलाला कसं उचलू? डेल्फीन भेटायला आली तेव्हा तिलाही सांगितलं.  ती म्हणाली की खोटं बोलून आला असतास तर शेंगांचं टोपलं डोक्यात घातलं असतं. मग दोघंही हसलो आणि रडलो.

तू विचारलंस ते सांगतो. कप्तानाखेरीज त्यांच्याकडे आमचा कबुलीजबाबच आहे. त्या संध्याकाळी म्हाताऱ्याला प्रार्थनाघरात ठेवलं होतं, तेव्हा एझरा आणि मी उभं राहून म्हणालो ना, या जिवाचा भार माझ्यावर? ते हवालदार ग्रेडींनी खिडकीतून ऐकलं. मि. ऑग्डेननी विचारलं, असं म्हणालात का? मी म्हणालो, म्हणालो. त्यांनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, त्यांना माहीतच असेल.

टायटस

---

पेलिकन बेट
२२ मार्च १९७८

चि. टायटस यास, अ. उ. आ., आणि वर एक धपाटा!

अरे गाढवा! एवढ्यावर? एवढ्यावरच? आणि हे तू वकिलाला सांगितलं नाहीस! शहरातल्या माणसाला काय ठाऊक असणार की आपल्याकडे कुणी जन्मलं किंवा गेलं की सगळं प्रार्थनाघर एकेक करून उठतं आणि हेच म्हणतं? लांबचे आधी, सगळ्यात जवळचे शेवटी. त्याचा जीव गेला तेव्हा तुम्हीच दोघं जवळ होतात, म्हणून तुम्ही शेवटी. त्या संध्याकाळी पहिली मी उठले होते! हवालदारसाहेब, तुम्ही उशिरा आलात आणि शेवटचे दोघेच ऐकलेत. सुतकाला वेळेवर यावं माणसाने.

मी ऑग्डेनना फोन केला. ते म्हणाले, सांगून बघतो, पण सरकारी वकील म्हणतील नातेवाइकांची सबब आहे. मग म्हटलं, सबब काय असते ते दाखवतेच.

परवा सकाळी सगळं प्रार्थनाघर दोन ट्रकांत घालून जिल्ह्याच्या गावी नेलं. प्रत्येकाच्या हातात बोचकं. त्यात चादर, औषधं, दातांची कवळी. प्रार्थनाघरातल्या सगळ्यात थोरल्या मदर युलालीने तर तुरुंगात लागेल म्हणून रताळ्याची गोड पाई भाजून आणली. सरकारी वकिलांच्या कचेरीत शिरलो आणि एकेकजण उठून म्हणाला, ओबेडायाच्या जिवाचा भार माझ्यावर. मी म्हणाले, साहेब, एकाचा हात तो सगळ्यांचा हात, असा तुमचाच कायदा आहे. आम्ही सगळे कबूल होतो. आता सौदा काय देता ते सांगा, आणि आधी बोलेल त्याला सवलत असेल तर मदर युलालीला द्या, ती नव्वदीला टेकली आहे.

मदर युलाली म्हणाली की मला खालची खाट हवी.

साहेबांचा चेहरा लाल, मग पांढरा. दारात ग्रेडी उभे होते. साहेबांनी त्यांना विचारलं की तुम्ही ऐकलंत ते हेच का. ग्रेडींनी टोपी काढली आणि म्हणाले, हो साहेब, अक्षरन्‌अक्षर हेच. मग साहेब खुर्चीत बसले आणि पाईचा एक तुकडा मागितला.

पुढे काय होतं ते देव जाणे. पण परत येताना ट्रकमध्ये आम्ही असं गायलो की पुलावरचे मासेवाले गळ सोडून बघत राहिले.

दोघांना पुरून उरणारी
मावशी

---

जिल्हा तुरुंग
३० मार्च १९७८

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

मावशी! खुनाचा आरोप मागे घेतला! डॉक्टरांच्या अहवालातही पडून लागलेला मारच होता म्हणे, पण कबुली असताना तो कुणी धड वाचला नव्हता. आता नवा सौदा आहे, दोघांना एकच. परवानगीशिवाय जेटीवर घुसल्याचा गुन्हा कबूल करायचा, शिक्षा भोगून झाली तेवढीच. उद्या न्यायाधीश विचारतील, हे तू खरंच केलंस म्हणून कबूल होतोस का? मी छाती फुगवून हो म्हणणार, कारण फाटकावरून उडी मारताना पँट फाटली होती.

आणि ऐक. आज पहिल्यांदा एझराला भेटू दिलं. त्यालाही सांगत होते की टायटस सही करायला निघालाय. त्याने त्यांना म्हटलं की टायटसला सही करायची तर आधी जीभ बाहेर काढून अर्धा तास नाव गिरवावं लागतं, काळजी नको. त्याने माझ्या दोन दिवस आधीच नाही म्हटलं होतं. मी त्याला मिठी मारली. तो म्हणाला, बाजूला हो, अंगाला वास येतोय.

उद्या तिघांचा भात टाक. कोंबड्यांना सांग, त्यांचे दिवस संपले.
टायटस

---

शेरीफ कचेरी
२ मे १९७८

श्रीमती व्हायोला यांस, सा. न. वि. वि.

पोरं सुटली, याचा मला आनंद आहे. पण मंगळवारी टपालाची पिशवी उघडतो तेव्हा तुमचं अक्षर नसतं आणि चुकल्यासारखं होतं. खिडकीत मी आणखी थोडा आधी आलो असतो, तर तुमचा सगळा त्रास वाचला असता. हे मनाला लागून राहिलंय. क्षमा असावी.

कॉफीचा कप आता लांब ठेवतो.
ग्रेडी

---

पेलिकन बेट
१४ मे १९७८

हवालदार ग्रेडी यांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कुणी आधी फोडलं नव्हतं, त्यामुळे जरा बेचव लागलं.

क्षमा कधीच केली. साहेबांसमोर टोपी काढून खरं बोललात, तेव्हाच. आमच्याकडचं वर्तमान सांगते. डेल्फीनला मुलगी झाली. आवाज आईचा, नाक बापाचं, भूक एझराकाकाची. टायटस दिवसभर तिला उचलून फिरतो, उजव्या हाताने. तो हात असा जपतो की पाग टाकतानासुद्धा डावाच पुढे करतो. लग्नही उरकलं, ओबेडायाच्या मुलीने स्वतः केक भाजून आणला. सगळ्यांच्या आधी रडलीही तीच.

येत्या रविवारी बाळाला प्रार्थनाघरात आणायचंय. तुम्ही बायकोला घेऊन या. या वेळी खिडकीत नाही, आत बाकावर बसायचं, आणि वेळेवर यायचं. सगळे एकेक करून उठतील, लांबचे आधी. तुम्ही मदर युलालीच्या आधी उठा. काय म्हणायचं ते तुम्हाला पाठच आहे.

आणि घाबरू नका. ते म्हटल्यावर इथे कुणाला बेड्या पडत नाहीत, फक्त मुलगी थोडी तुमचीही होते.

भात तुमच्याही वाटणीचा टाकते आहे.
व्हायोला