समोरच्या टेकडीवर अ‍ॅम्ब्रोज

मिसुरी, ऑगस्ट १८६१

लाडक्या लव्हिनिया,

काल ओढ्याकाठी आमची उत्तरेची फौज लढली. समोरच्या टेकडीवर दक्षिणेची पलटण तुझा अ‍ॅम्ब्रोज लढवत होता. हे ठाऊक असूनही तोफा डागायचा हुकूम मीच दिला. दुपारी आमच्या शिपायांनी त्याला जखमी अवस्थेत माझ्याच तंबूत आणलं. मला पाहून तो हसला.

"मेव्हणे, नेम सुधारला की तुमचा!"

मी त्याला पाणी पाजलं आणि विचारलं, "लव्हिनियाला काय कळवू?"

"तोफ कुणाची होती ते सांगू नका. नवरा तर चाललाच, तिला भाऊ तरी राहू दे."

माझा हात धरूनच तो गेला.

तुला धाडायच्या पत्रात मी फक्त तो गेल्याचं लिहिलंय. हे पत्र आता शेकोटीत टाकतो.

तुझा भाऊ,
नथानिएल