साडेतीन फुटांची हरकत

प्रिय लॉरेन,

आईला आता जिना चढवत नाही, म्हणून तिच्यासाठी खाली एक खोली काढतोय. मागे ओढा, तेव्हा जागा तुझ्याच घराच्या बाजूला. नियम म्हणतो हद्दीपासून दहा फूट सोडा. माझे साडेसहाच उरतात. तेवढ्या सवलतीसाठी चार महिने अर्ज, नकाशे, अंगणात सुनावणीची पिवळी पाटी! गॅरेज उभं करताना इतका घाम गाळला नव्हता. वर सवलती देणाऱ्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षा ओडेगार्डबाई विचारतात, "अडचण जमिनीची की माणसाची? माणसाची चालत नाही."

म्हटलं, "बाई, जमिनीचे गुडघे दुखत नाहीत!"

शेजारी सगळे हो म्हणाले. हरकत एकच, तीही टपालाने, अ‍ॅरिझोनाहून. शेजारच्या बंद घराचा मालक, म्हणजे तू! घराची किंमत पडेल म्हणे. इथे आलेली हरकत भर सभेत मोठ्याने वाचतात, हे विसरलास? आई पहिल्याच रांगेत होती.

वाचून झाल्यावर ती उठली. मला वाटलं, आता तुझी सालटी काढणार. तर म्हणते, "त्या पत्राची एक प्रत मला मिळेल का? चार वर्षांत त्याचं पहिलंच पत्र आहे."

ओढ्याचं कारण धरून सवलत मंजूर झाली.

ती प्रत तिने फ्रिजवर लावलीय. तुला अपिलाला तीस दिवस आहेत, आणि त्यासाठी इथे येऊन स्वतः उभं राहावं लागतं. हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्या मिनतवाऱ्या कोण करणार? पण आई रोज सकाळी विचारते, "लॉरेन अपील करेल ना रे?"

तुझ्यापुढे हात टेकलेला भाऊ,
व्हर्लिन