लाल ठिपक्याखालची चीर

प्रिय दादा,

पत्र लिहायचं लिहायचं म्हणत इतकं ढकललं की पेनातली शाई वाळली, हे पेन उसनं आहे. कागद पुढे ओढला की खाली कुणाच्या तरी गाडीचं बॉनेट उघडायचं आणि मी धावत बघायला जायची. फोन केला असता, पण गॅरेजमध्ये तुझा फोन वाजला की तुझ्याआधी बाबा विचारतात, कोण आहे? म्हणून हे.

मी राहते ती खोली घाटाच्या पायथ्याला, टायरच्या दुकानावर. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की माझी खाट थरथरते. परवा तर मी झोपेत गाडी चालवतेय असंच वाटलं, क्लचसुद्धा दाबला म्हणे, भिंतीवर पायाचा ठसा आहे. दुकान टायरवाल्या मावशीचं. नात्याची नाही, पण पहिल्याच दिवशी कंबरेवर हात ठेवून तिने विचारलं, "पळून आलीस की हाकललंय गं?" मी म्हटलं, "पैज लावून आलेय." तुझ्यासमोरच तर लागली ती. आपली जुनी मोठी गाडी बाबा भंगारात काढत होते. मी म्हटलं, मला द्या, वर धरणाच्या कामावर माणसं आणि सामान पोचवायचं काम मिळतंय. तर म्हणाले, "ने. पण घाट चढली नाही तर मुकाट्याने परत यायचं, काउंटरवर बसायचं, आणि हे भिरभिरणं कायमचं बंद." तू तेव्हा नट घासत होतास. मान वर केली नाहीस.

आणि दादा, नाहीच चढली रे! सपाटीवर लोण्यासारखी पळते, उभी असताना तर कुणाची दृष्ट लागावी असा आवाज. चढाला लागून पाय दाबला की मागून काळा धूर, पुढून फुस्स, आणि अंगातलं वारंच गेल्यासारखी रांगायला लागते. वळणावर एक म्हातारा सायकल हातात धरून चालत होता, तो मला मागे टाकून गेला. वर वळून हसला. त्याचं ते हसू मी अजून विसरलेले नाही.

मग मी हात काळे केले. हवेचा फिल्टर काढून झटकला, स्वच्छ. डिझेलचा फिल्टर नवा घातला, फरक शून्य. हवा मोजणारा सेन्सर पुसला. शेजारच्या गावातल्या मेकॅनिकने लॅपटॉप लावला आणि सांगितलं, पाय दाबल्यावर हवेचा दाब चढतच नाही, इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो गेला. बाबांना फोन केला तर त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "टर्बोच. सांगितलं होतं. ये परत." मावशी म्हणाली, "दोघा पुरुषांचं एकमत झालं म्हणजे नक्की काहीतरी तपासायचं राहिलंय." मी टर्बोचं पातं बोटाने फिरवून पाहिलं. हलकं फिरत होतं, डगडगत नव्हतं. मग दाब जातोय कुठे? टर्बोपासून इंजिनापर्यंतचे सगळे पाइप साबणाच्या पाण्याने भिजवले, मावशीला आत बसवून इंजिन चालू ठेवलं, आणि बुडबुडे शोधत बसले. एकही नाही. मावशीच मधे फुरफुर करून मला फसवत होती.

एक जोड मात्र मी उघडलाच नव्हता. ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालचा रबरी पाइप. का, ते तुलाच कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. त्याला आवळणाऱ्या पट्टीच्या स्क्रूवर बाबांचा लाल रंगाचा ठिपका होता. म्हणजे, "हा जोड मी आवळलाय, पुन्हा हात लावायचा नाही." लहानपणापासून आपण दोघं त्या ठिपक्याला देवघरासारखं लांबूनच बघत आलो. पण खाली वाकले तर त्याच पट्टीखाली धूळ तेलकट होऊन चिकटलेली. कुठेतरी तेलाची वाफ बाहेर पडत होती. मी हातातला पाना बराच वेळ नुसता धरून उभी होते. मग शिवी घातली (कुणाला ते विचारू नकोस) आणि लाल ठिपका फोडला.

पाइप काढून वाकवला तर पट्टीच्या बरोबर खाली चीर, ओठांसारखी उघडली. सोडला की मिटली. गाडी नुसती उभी असताना ती मिटलेलीच राहायची, म्हणून बुडबुडा नाही. चढावर दाब आला की उघडायची. आणि ती पाडली कुणी, सांगू? पट्टीनेच. बाबांची ती सवय, घट्ट बसल्यावरही "अजून एक पीळ". त्या एका जास्तीच्या पिळाने रबर कापलं गेलं. टर्बोला काहीही झालेलं नव्हतं. नवा पाइप घातला, रुंद पट्टी लावली, बसेल इतकीच आवळली. काल मागे सिमेंटची पोती आणि पुढे मावशी घेऊन घाट चढले. दुसऱ्या गिअरमध्ये नाही, तिसऱ्या! मावशी सबंध घाटभर ओरडत होती, भीतीने की आनंदाने, तिलाच माहीत. काम मला मिळालं. नव्या पट्टीवर मी कसलाच ठिपका लावलेला नाही. ज्याला उघडून बघायचंय त्याने खुशाल बघावं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मी परत येणार नाही, आणि गाडी कशाने बसली होती, या दोन्ही गोष्टी बाबांना तू सांगाव्यास, तेही नट खाली ठेवून, मान वर करून, म्हणून लिहायला बसले होते. माझ्यासाठी नाही रे, मी तर सुटले. पण थांब, ते आता राहू दे. हे लिहितानाच खाली एसटीतून खांद्यावर जड पोतं घेतलेलं कुणीतरी उतरलं. खिडकीतून वाकून पाहिलं तर बाबा. पोत्यात टर्बो आहे, दुसरं काय असणार! मावशीने त्यांना स्टूल दिलं, ते बसले नाहीत. सरळ गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं, आणि आता त्या बिनठिपक्याच्या पट्टीवर बोट ठेवून उभे आहेत. वर बघून पाना मागतायत, आवळायला. पाना माझ्यापाशी आहे. मी खाली जातेय, पण पाना खोलीतच ठेवून. त्यांना मीच सांगते. तुझं तू तुझ्यासाठी बोल.

तुझीच,
भिंगरी