नळी नंबर चौदा कुणाची?

१२ जानेवारी
धायरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला सहजीवनवाल्यांची वस्ती. तेवीस माणसं, एक स्वयंपाकघर, निर्णय सगळे एकमताने. आमच्या जनुकांच्या प्रयोगशाळेचे सर खूश. सगळे एकच जेवतात, एकाच वेळी उठतात. तरी एखाद्याचं कोलेस्टेरॉल भलतंच निघालं तर दोष जनुकांचा. कागदावर झकास. संमतीपत्राला मात्र तीन बैठका लागल्या. तिसरीत दीड तास 'मी'च्या जागी 'आम्ही' लिहायचं का, यावर. डोकं उठलं.

२ फेब्रु.
लाळेच्या नळ्या काल देऊन आले होते, सकाळी उपाशीपोटी भरायला. आज खोका मिळाला. तेवीसच्या तेवीस भरलेल्या, लख्ख पुसलेल्या, आणि एकीवरही स्टिकर नाही! स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सुनंदाताईंनी कोमट पाण्याने सोलून काढले.
"अहो, पण का?"
"आपल्याकडे कुठल्याच वस्तूवर कुणाचं नाव नसतं, मॅडम. टॉवेलवरसुद्धा नाही."
"नावं नव्हती हो, नंबर होते!"
"तेच ते."
धायरी फाट्यापर्यंत स्कूटरवर स्वतःशीच बडबडत आले.

५ फेब्रु.
सर म्हणाले, "पुन्हा नमुने मागितलेस तर पुन्हा तीन बैठका. आहेत तेच तपास, निनावी." बरं. १ ते २३ नंबर मीच टाकले.

९ मार्च
नळी १४. कोलेस्टेरॉल वाढवणारा आनुवंशिक दोष. दोनदा तपासला, पक्का. अशा माणसाला ऐन चाळिशीत हार्ट अटॅक येऊ शकतो. रोज गोळी घेतली तर मजेत म्हातारा होईल. पण माणूस कोण? तेविसांतला कुणीही! तिथे उभं राहून नमुने घ्यायला हवे होते मी. नाही राहिले. माझाच गाढवपणा.

१५ मार्च
वस्तीची बैठक. सगळं सांगितलं. पुन्हा लाळ द्या, या वेळी नंबरासकट. ज्याचं त्यालाच कळवते. बावीस हात वर. मधुकरकाकांचा खाली. वस्ती त्यांनीच उभी केलेली, सत्तरी ओलांडलेली. एक हात खाली म्हणजे विषय संपला.
"एकाला आजारी ठरवलं की तो वेगळा पडतो. गोळी सगळ्यांनाच द्या."
"काका, गोळी आहे, प्रसाद नाही!"
कुणी हसलं नाही. म्हटलं, निदान बाहेर कुठेतरी रक्त तपासून घ्या. तर तेही पुढच्या बैठकीत ठरवू म्हणे. अरे, माणूस मरेल तोवर! रडू यायचं तेवढं बाकी होतं.
निघताना सुनंदाताई भांडी घासत होत्या. हळूच म्हणाल्या, "माझे वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले. छातीत कळ आली आणि संपलं. मला एक्केचाळीस चालू आहे."
म्हटलं, माझ्या घरी या, विश्रांतवाडीला. एकट्या.
"म्हणजे नियम मोडायचा?"
मोडा की हो!

२२ मार्च
आल्या. भाजी आणायला जाते सांगून, दोन बस बदलून. नमुना घेतला. चहासुद्धा घेतला नाही. सरांना अजून बोलले नाही. बोलेन, ओरडले तर ओरडले.

४ एप्रिल
दोष नाही! एवढा जीव भांड्यात पडला माझा. लगेच फोन केला.
"ताई, चौदा नंबरची नळी तुमची नाही."
वाटलं, आनंदाने ओरडतील. तर म्हणाल्या, "मग कोण?"
माहीत नाही, म्हटलं.
"म्हणजे आता रोज वाढताना मी एकेकाच्या तोंडाकडे बघणार. हा असेल, ही असेल. आणि त्यांना परत समजवायला गेले, तर मी एकटी जाऊन सुटून आले, हे आधी सांगावं लागेल."
यांच्या एकमताच्या नानाची टांग, हे तोंडावर आलेलं गिळलं.
"रविवारी बैठक आहे," म्हणाल्या, आणि फोन ठेवला. सांगणार की नाही, ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.