अर्जावरची वर्षं

सोलापूर, ता. ३ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप शिवबाईअक्कास,
धाकट्या चन्नवीराचा सा. न. वि. वि. इकडे सगळे खुशाल.

म्युनिसिपालिटीत निवडून जाऊन मी करतो काय, असं तू विचारलंस. गिरणीकामगारांसाठी पक्क्या खोल्या बांधायच्या आहेत. आज घर बांधणारा पट्टी भरतो, आणि भाव चढेल म्हणून जागा अडवून बसलेला काहीच भरत नाही. अशा जागांवर पट्टी बसवावी आणि त्यातून खोल्या उभ्या कराव्यात, असा माझा ठराव. घरवाले आधी अंगावर आले. दारोदार हिंडलो, त्यांच्या ओसरीवरचा कडू चहा गोड मानला. आता निम्मा कसबा माझ्या बाजूला आहे.

झोपडीवाल्यांचाही अर्ज जोडलाय. पहिला अंगठा मल्लव्वाचा. मी डोक्यावर सुताचे गठ्ठे वाहायचो तेव्हा तिच्याच चुलीवर जेवलो, तुला ठाऊक आहे. प्रत्येक नावापुढं जागा कुणाची आणि राहून किती वर्षं झाली, ते मी स्वतः लिहिलं. उगाच कुणी म्हणायला नको, की हे काल आलेले लोक. मल्लव्वाची अकरा वर्षं भरली. गंमत म्हणजे त्या जागेचे मालक सिद्धारामप्पा यांनीही ठरावाला सही दिली. अर्ज दोन दिवस घरी ठेवून घेतला, माझ्या अक्षराची तारीफ केली.

तुझी माया आहे तशी राहू दे.
चन्नवीर


अक्कलकोट, ता. ११ डिसेंबर १९३४

चि. चन्नवीरास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ज्याच्यावर पट्टी बसणार तोच खुशीनं सही करतो, हे मला काही बरं दिसेना. आमच्या मामंजींची गोठ्यामागची वाडग्याची जागा गेली ती आठवते का? शेजारी बारा वर्षं बसला, कुणी हटकलं नाही, म्हणून कोर्टानं त्यालाच दिली. त्या दिवसापासून इथला जमीनवाला बाराचा आकडा विसरत नाही. तू वर्षं कशाला लिहिलीस रे? आणि जागा सिद्धारामप्पांची, असं लिहून त्याखाली मल्लव्वाचा अंगठा का घेतलास? तो अर्ज परत मागून घे. लहानपणापासून तुला नीटनेटकेपणाची लई हौस.

जेवण वेळेवर करत जा. हेमावतीचा मामाला नमस्कार.
शिवबाई


सोलापूर, ता. १६ जानेवारी १९३५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू वकिलीण झालीस असं घरात म्हणून हसलो होतो. आता हसू येत नाही.

संक्रांतीला सिद्धारामप्पांनी गळाभेट घेतली, तिळगूळ दिला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात फळीच्या पलीकडं त्यांचा कारभारी वकिलाशी बोलत होता. माझे कान तुला माहीत आहेत. पाडव्याला त्या बाईची बारा भरतात, त्याच्या आत उरकायचं, असं तो म्हणाला. तसाच उठून कचेरी गाठली. अर्ज परत मिळत नाही, असं कारकुनानं सांगितलं. आणि नक्कल सिद्धारामप्पांकडं कधीच गेली होती, माझा ठराव चर्चेला येण्याआधीच.

मल्लव्वाला सांगायला गेलो. ती दार सारवत होती. पक्की खोली मिळेपर्यंत तरी दार नीट असावं, म्हणाली. आलेलं काम न सांगताच मी उठलो. परतताना पाहिलं, तिच्या अंगणात कुणीतरी मोजणीच्या खुंट्या ठोकून गेलं होतं.

आशीर्वादाची गरज आहे.
चन्नवीर


सोलापूर, ता. २४ फेब्रुवारी १९३५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

ठराव मंजूर झाला. पहिला हार मला सिद्धारामप्पांनी घातला. जागा त्यांचीच, असं सगळ्या झोपडीवाल्यांनी अंगठ्यानिशी कबूल केलेला कागद त्यांना मिळाला. त्यापुढं त्यांना पट्टीचं काय!

परवा सकाळी कुदळी घेऊन माणसं आली. मी आडवा गेलो. मुकादमानं कागद पुढं केला. आकडे, नावं, वर्षं, सगळी माझीच मांडणी. अकरावाल्यांपासून सुरुवात केली. पहिलं दार मल्लव्वाचं, सारवलेलं.

ती आता आमच्या पडवीत आहे. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. काल तिला ठराव वाचून दाखवला. दोन वर्षांत खोल्या होतील, पहिला अर्ज तुझाच लिहीन, असं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, की त्याला पण अंगठा लागतो का. आणि हात पदराखाली घेतला.

तू दोन दिवस येऊन जा, अक्का. तिच्यासमोर एकट्यानं बसवत नाही.

तुझा
चन्नवीर