गुडघा सरळ पाहिजे

४ जानेवारी

चालण्याच्या शर्यतीतून बाहेर काढलं मला! मला!!

शेवटच्या फेरीची घंटा वाजलेली, पुढे कुणी नाही, मी आरामात पहिली. आणि मुख्य पंच लाल पाटी घेऊन समोर उभे! तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं, तिन्हींवर एकच खूण — गुडघा वाकला. म्हणजे संपलं. पिवळी पाटी कधीमधी दिसलीय, ताकीद म्हणून. बाहेर कधी निघाले नव्हते.

धाकटी — माझी जाऊ — नेहमीसारखी माझ्या मागेच होती. मला कडेला होताना बघून तीही थांबायला लागली, वेडी! ‘अगं चाल पुढे, तोंड काय बघतेस!’ म्हणून ओरडले, तेव्हा कुठे गेली. पहिली आली. पदक घेताना चेहरा असा, जसं काही दुसऱ्याच्या घरून उचलून आणलंय. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या का? बऱ्यापैकी.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, ‘कितवी?’ मी चप्पल कोपऱ्यात भिरकावली. त्यांना उत्तर मिळालं.

६ जानेवारी

दोष कुणाचा ते मला पक्कं ठाऊक आहे. डावा गुडघा. बरेच दिवस कुरकुर चाललीय त्याची. आमच्या पडद्यांच्या दुकानात शिडीवर चढून दांड्यांची मापं घेताना कळ येते, पडद्याचं कापड बेतताना तासभर टेबलाशी उभं राहिलं की सुजतो. मी लक्ष देत नव्हते. आता त्याने माझं नाक कापलंय, तर त्याचा सोक्षमोक्ष लावते.

हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

१३ जानेवारी

काउंटरवरची पोरगी म्हणाली, ‘आजींना आत पाठवा.’ मी मागे वळून बघितलं, कोण आजी!

डॉक्टर तरुण आहेत, हुशार वाटले, पण आमच्या खेळाचा गंध नाही. ‘म्हणजे पळायचं नाही, पण पळणाऱ्याइतकं जोरात चालायचं?’ हो म्हटलं. एक पाय कायम जमिनीवर, आणि पुढचा पाय टेकला की अंगाखाली येईपर्यंत गुडघा सरळ पाहिजे. वाकला की कार्ड. उठून त्यांच्या त्या इवल्याशा खोलीत चालून दाखवलं. नर्स दारात उभी राहून हसत होती. हसू दे.

फोटो बघून म्हणाले, आतल्या बाजूची गादी झिजलीय, अर्धा सांधा बदलता येईल. ‘पण करायलाच हवं असं नाही हं. जिने चढता, दुकान चालवता, गोळ्या-व्यायामावर छान निघतील वर्षं. तुमची इच्छा असेल तरच.’ मी विचारलं, नंतर शर्यतीत चालता येईल? ‘चालता नक्की येईल. शर्यतीचं लिहून देत नाही. बऱ्याच जणांचा पाय मोकळा होतो, एखाद्याचा आखडतोही.’

१४ जानेवारी

आखडतो म्हणे. माझा? हॅ!

१९ जानेवारी

घरात परिषद भरली.

हे म्हणाले, ‘अगं, बासष्टाव्या वर्षी चांगल्या पायावर सुरी कशाला फिरवून घेतेस?’ लेक फोनवर — ‘आई, पदकं ठेवायला कपाटात जागा आहे का आता?’ मी म्हटलं, नवीन कपाट घेऊ. भावजी कुणाच्याच बाजूचे नाहीत, जन्मात कधी नव्हते. खुर्चीत बसून पाय हलवत राहिले.

धाकटी खिडकीशी मशीनवर अस्तर शिवत बसली होती. म्हणाली, ‘ताई, घाई नका करू.’ एवढंच. नेहमी एवढंच बोलते ती. लग्न होऊन घरात आली तेव्हा दारामागे उभी राहायची. मीच तिला ओढत मैदानावर नेलं, टाच कशी टेकायची, हात किती हलवायचे, सगळं मी शिकवलं. दोन पोरं झाल्यावरही सोडू दिलं नाही.

पण आज एक वाईट विचार मनात आला, तो लिहूनच टाकते. म्हटलं, हिला पहिल्या नंबराची चटक लागली की काय? मी अशीच लंगडत राहिले तर हिचंच बरं! मग माझीच मला लाज वाटली. थोडी. पूर्ण नाही गेला विचार.

२५ जानेवारी

तारीख घेतली! पुढच्या महिन्याची वीस. फोन ठेवला आणि एकदम हलकं वाटलं.

मग दुपारी, कुणी नसताना, कात्री हातात धरून तशीच उभी राहिले. भीती वाटली. खरंच वाटली. पाय आखडला तर? मैदान गेलं, शिडी गेली, टेबलाशी उभं राहणं गेलं, खुर्चीत बसून ‘ते जरा इकडे सरकवा’ म्हणणारी बाई होऊन बसेन मी. ती बाई मला अजिबात आवडत नाही.

पाच मिनिटं घाबरले. मग एक गिऱ्हाईक आलं, त्याला हिरवा आणि पोपटी यातला फरक समजावता समजावता भीती पळाली.

२८ जानेवारी

सगळ्यांना सांगत सुटलेय. मैदानाचा राखणदारसुद्धा म्हणाला, ‘नवीन गुडघा घालून या बाई, मग बघतो कोण अडवतं.’ मी म्हटलं, वाटच बघ!

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहिते, म्हणजे मलाच कळेल.

शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या होत्या, सभागृहाच्या पडद्यांसाठी. बोलता बोलता ऑपरेशनचा विषय निघाला. त्यांनी विचारलं, कुठला गुडघा? मी म्हटलं, डावा — ह्यानेच तर घात केला, कार्डं ह्याच्यामुळेच मिळाली.

धाकटीचं मशीन थांबलं.

बाई गेल्यावर जवळ आली. हातातल्या दोऱ्याला गाठी मारत म्हणाली, ‘ताई, एक सांगू? चिडायचं नाही.’ मी चिडलेच, ऐकायच्या आधीच. ‘वाकतो तो उजवा.’

‘काय?’

‘तुमचा डावा ताठ पडतो. दुखतो ना, म्हणून तुम्ही त्याच्यावर थांबतच नाही, उजवा घाईने पुढे टाकता. तो वाकलेलाच टेकतो. मी मागे असते. मला रोज दिसतं.’

रोज दिसतं! आणि इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी! मी खूप ओरडले. तारीख घेतली, गावभर सांगितलं, डॉक्टरपुढे परेड केली, तेव्हा का नाही बोललीस?

तर म्हणते, ‘तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगितलंत, डावा आहे म्हणून. तुम्ही सांगितल्यावर कोण बोलतं?’

ह्यांच्याकडे बघितलं. हे गठ्ठ्याला दोरी बांधण्यात अगदी गढून गेले होते.

३ फेब्रुवारी

खात्री करायला सरळ पंचांकडे गेले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्या तीन कार्डांतलं एक त्यांचंच. मी पायरीवरूनच विचारलं, कुठला पाय?

‘उजवा,’ ते काच पुसता पुसता म्हणाले. ‘कार्डावर आम्ही पाय लिहीत नाही, नुसती खूण असते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. तुम्ही एवढ्या जुन्या!’

जुन्या आहोत म्हणूनच! नवखीने धावत येऊन विचारलं असतं, साहेब, कुठला पाय वाकला? मी कशाला विचारतेय? मला सगळं येतं. जो दुखतो त्याच्या नावावर पावती फाडून मोकळी झाले. चांगला, गुणी, कधी तक्रार न केलेला उजवा पाय मागच्या दाराने चोऱ्या करत होता.

परत येताना रस्त्यात एकटीच हसले. लोक बघत होते.

५ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे व्यायाम शिकवते त्या फिजिओ मुलीने मोबाइलवर चाल टिपली आणि हळू करून दाखवली. धाकटीचं शंभर टक्के खरं. उजवा गुडघा ढळढळीत वाकलेला! स्वतःचाच पाय, पण ओळख पटेना.

तिचं म्हणणं असं — उजव्याची सवय व्यायामाने मोडेल, ऑपरेशन न करता. कार्डं बंद होतील. ‘पण काकू, वेग जरा सोडावा लागेल. डाव्यावर पूर्ण वजन टाकायला वेळ द्यायचा, घाई नाही. वेगही हवा असेल, तर मात्र डाव्याचं दुखणं जायला हवं.’

आले का परत मूळ जागेवर!

डॉक्टरांना फोन करून सांगितलं, तारीख माझ्या नावावर ठेवा, दोन-चार दिवसांत नक्की कळवते. ते म्हणाले, ‘आरामात. तुमचा गुडघा, तुमचा निर्णय.’ कधी कधी वाटतं, कुणीतरी दरडावून सांगावं, कर किंवा करू नको. पण दरडावण्याचं खातं या घरात माझ्याकडेच आहे.

७ फेब्रुवारी

ठरलं. नाही करायचं.

हिशेब साधा आहे. मला काय हवंय? पहिला नंबर. वेग थोडा सोडला तर काय होईल? तिसरी, चौथी येणाऱ्या बायका कुठल्या कुठे मागे असतात. राहिली धाकटी. ती माझ्या पाठीशी चार पावलांवर, कायम. पहिल्या शर्यतीपासून तिथेच. मी जोरात असले तरी चार पावलं, मला ताप असताना चालले होते तेव्हाही चार पावलं. मी जरा सैल सोडलं तर तीही तेवढीच मागे राहील. मग सांधा कशाला बदला, बिछान्यात कशाला पडा?

ह्यांना सांगितलं. इतके खूश झाले की स्वतः उठून भांडी घासली. डॉक्टरांना उद्या मैदानावरून आल्यावर फोन करते.

झोप मस्त लागणार आज.

८ फेब्रुवारी

आज मैदानावर धाकटीला म्हटलं, तू पुढे हो, मला मागून तुझा सरळ गुडघा बघायचाय. नको नको करत होती. दटावलं, तेव्हा निघाली. पहिली फेरी सारखी मागे वळून बघत, माझ्याच चालीने. मी ओरडले, ‘मागे काय बघतेस! चाल तुझ्या चालीने!’

आणि ती गेली. गेलीच! पाय सपासप पडताहेत, प्रत्येक गुडघा सरळ, खांदे मोकळे. मी होतं नव्हतं ते सगळं लावलं. ती समोरच्या वळणावर पोचली, मग माझ्या मागून आली आणि पुढेही निघून गेली. थांबली तेव्हा साधी धापसुद्धा नाही लागलेली.

‘किती वर्षं?’ मी विचारलं.

मान खाली. ‘तुम्ही मोठ्या ना, ताई.’

खूप रागावले. मग रडले, तिच्याच पदराला डोळे पुसत. मग दोघी हसलो.

डॉक्टरांना फोन केला — वीस तारीख कायम. डावा बदलायचा. पहिला नंबर कधी माझा नव्हताच, तो राखायचा प्रश्न मिटला. आता मला हिला गाठायचंय. आणि तोपर्यंत तिने माझ्यासाठी हळू चालायचं नाही, अशी तिच्याकडून शपथ घेतलीय.