मुखपृष्ठावरील माझ्या मरणाबाबत

केदारखेडा, ता. भोकरदन
दि. ९ डिसेंबर १९९४

चिरंजीव जावईबापू रामकिसनराव यांस,

रखमाजीचे अनेक आशीर्वाद. मी व सगुणाबाई उभयता जिवंत आहोत (हे वाक्य यंदा मुद्दाम प्रथम लिहिले). चि. सत्यशीलेची कंबर कशी आहे, ते कळवावे.

आपल्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर माझा फोटो छापून आपण सासऱ्याचा मान राखलात. फोटोसाठी मी नव्या वहाणा घेतल्या होत्या. परंतु छातीखाली मी छापलोच नाही. गायकाचा चेहराच मोठा घ्यावा, पार्श्वभूमी काळी ठेवावी, ही आपल्या धंद्याची रीत असेल. मासिकाच्या नावाची दोन अक्षरे माझ्या फेट्याने झाकली, हे मात्र दुसऱ्याच्या ओट्यावर बसून त्याचीच पाटी झाकण्यासारखे झाले. शिवाय छातीवर ओळ : 'पन्नास वर्षांची अखंड भजनसेवा'. जावईबापू, आमच्याकडे काळ्यावर नुसता चेहरा आणि खाली सेवेची वर्षे, असा फोटो माणूस गेल्यावरच छापतात.

अंक टपालाने आला तेव्हा आम्ही बदनापुरास मेहुण्यांकडे होतो. चहावाल्या बद्रीनाथाने तो कौतुकाने दुकानात टांगला. कोणीतरी हार घातला. परतलो तो पारावर माझीच शोकसभा! अप्पाराव पेटीवाले बोलत होते. चाळीस वर्षांत त्यांनी माझे गुण प्रथमच सांगितले, म्हणून मी मागे उभा राहून ऐकले. दोन गुण राहिले, तेव्हा नाइलाजाने मला बोलावे लागले. शेजारच्या चांगुणाबाई किंचाळल्या, "आगं माय, आबा तर मागंच हायेत!" अप्पाराव म्हणाले, "आबा, येळेवर सांगायचं न्हाई का? हार वाया गेला!"

हाराचे दुःख नाही. परंतु त्याच सभेत सप्ताहात पहिली चाल धरण्याचा माझा मान अप्पारावांस दिला गेला, आणि आता ते म्हणतात, "ठरलं ते ठरलं. मंग गावाचा शब्द मोडायचा का?"

तरी पुढील अंकात मला उभा, रंगीत व वहाणांसह छापावे.

आपला,
रखमाजी

ता. क. सगुणाबाईने ते मुखपृष्ठ चौकटीत बसवले आहे. म्हणते, इतके गप्प तुम्ही कधी दिसला नाहीत.

पुन्हा ता. क. माझा उभा फोटो तूर्त राहू द्यावा. सप्ताहाआधीच्या अंकावर अप्पारावांस घ्यावे. चेहराच, छातीपर्यंत, काळ्यावर. सेवेची वर्षे ठळक. हाराचे मी पाहतो. वहाणा मात्र त्यांना नव्या घ्यावयास अवश्य सांगावे.